काळ्या उंदरांचं गूळपाणी

वडगावच्या स्टँडवर मला निरोप द्यायला आबा उशिरा आले. गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात होता, आणि काहिलीत रस उकळत असताना गुळव्याला मुलगी अमेरिकेला चालली म्हणूनही उठून येता येत नाही. आई दर पाच मिनिटांनी "येत्यात, येत्यात" म्हणत होती, ती मला नव्हे, स्वतःलाच. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. शेवटी आबा सायकलवरून आले, हँडलला धोतराच्या फडक्यात बांधलेली गुळाची भेली. खिडकीतून ती माझ्या मांडीवर ठेवली तर अजून गरम होती. सगळ्या गाडीत वास पसरला. कंडक्टर म्हणाला, पावणं, थांबवली की गाडी तुमच्यासाठी, आम्हाला न्हाय का? "ह्यो गूळ अमेरिकेला चाललाय," आबा म्हणाले, आणि खिशातून दुसरा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. रडायचं राहूनच गेलं. कोल्हापुरात कावळा नाका येईपर्यंत मांडी गरम होती.

हे लिहितेय ते तिकडं राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखं गाठोडं घेऊन बाहेर पडलेल्यांसाठीही. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, मग कोल्हापुरात एम.एस्सी. राजारामपुरीत एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवून खोलीचं भागवलं. हे मी मिरवून सांगते, सांगायलाच पाहिजे. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका अजूनही मुलींना माझं उदाहरण देतात आणि त्या मुली मला मनातल्या मनात शिव्या घालतात, हेही मला माहीत आहे.

पण गोष्ट गुळाची आहे, त्यामुळं आधी गुऱ्हाळ सांगते. माझ्या आजोबांची जागा चुलवाणाच्या तोंडाशी. उसाची वाळलेली चिपाडं आत टाकायची, जाळ राखायचा. वर काहिलीत शिजणाऱ्या रसाला त्यांचा हात लागलेला चालत नसे. आबांना काहिलीवर घेतलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे गुऱ्हाळाचे मालक, जैन शेतकरी, गावात त्यांचं दुकानही होतं. त्या वर्षी काही घरांनी अण्णांचा गूळ नेला नाही. दोन वर्षांनी तीच घरं विचारत आली, सिदूच्या हातचा हाय न्हवं? सिदू म्हणजे आबा. आबांचं सगळं कसब बोटांत. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, अंगठा आणि बोटात त्याची गोळी वळायची, आणि तिच्या घट्टपणावरून सांगायचं, उतरवा. एक मिनिट अलीकडं किंवा पलीकडं झालं तर आदण, म्हणजे तो सगळा घाणा, वाया.

आणि घरातला एक नियम आबांचा. दारात कोणीही आलं की आधी गूळ आणि पाणी, मग नाव-गाव. मी लहानपणी विचारलं होतं, आधी नाव विचारलं तर काय बिघडतं? "आपल्याला लोकांनी आधी नाव इचारलं, मग पाण्याचं ठरवलं," आबा म्हणाले. "आपण उलटं करायचं."

ओहायोतल्या त्या शहरात मी उतरले तेव्हा भेली दगडासारखी घट्ट झाली होती. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वेबर, उंच, थोडे वाकलेले, कमी बोलणारे. त्यांचं काम उंदरांच्या एका विषाणूवर होतं. माणसाच्या एड्सच्या विषाणूच्याच मोठ्या कुळातला, रेट्रोव्हायरस, पण माणसाला तो काहीच करत नाही. त्या काळ्या उंदरांना मात्र तो आठ-दहा आठवड्यांत लोळवतो. मानेतल्या, काखेतल्या गाठी सुजतात, प्लीहा फुगते, आणि एवढ्या पेशी वाढूनही शरीराची लढायची ताकद जाते. कुठल्याही साध्या रोगापुढं उंदीर हात टेकतो.

डॉ. वेबरनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. नव्या विद्यार्थ्याला ते एक छोटा प्रयोग देतात, आणि तो संपल्यावर त्याला ठेवायचं की नाही ते ठरवतात. मला ठेवलं नाही तर दुसरी प्रयोगशाळा शोधायची, नाहीतर परत. परत म्हणजे वडगाव, जिथं आईनं मी गेल्याच्या आनंदात विहारात सगळ्यांना खीर दिली होती. मी त्या खिरीचा विचार करून घाबरत असे.

प्रयोग असा होता. उंदरांच्या रक्तात संरक्षण करणाऱ्या अनेक तऱ्हेच्या पेशी असतात. त्यातल्या एका जातीला मदतनीस पेशी म्हणतात, त्या स्वतः कोणाला मारत नाहीत, बाकीच्यांना हुकूम देतात, उठा, वाढा, लढा. दहा उंदरांना विषाणू द्यायचा. दुसऱ्या दहांना विषाणू द्यायचा आणि इंजेक्शन देऊन त्यांच्या मदतनीस पेशी काढूनही टाकायच्या. मग कोण किती आजारी पडतं ते बघायचं. मला उत्तर माहीत असल्यासारखंच वाटत होतं. माणसाच्या एड्समध्ये याच पेशी नाहीशा होतात, म्हणून तर माणूस जातो. तेव्हा ज्यांच्या पेशी मी काढणार, ते उंदीर आधी मरणार. त्यावर आधी कोणी काय छापलंय ते डॉ. वेबरनी मुद्दाम वाचू दिलं नव्हतं, आणि कोल्हापुरात ती मासिकं आमच्यापर्यंत पोचतच नसत.

उंदरांची पहिली पेटी आली तेव्हा प्राणिघरात मी एकटी होते. तिथं काम बघणाऱ्या रूबीबाई सुट्टीवर होत्या. खोकं उघडलं. कुठल्या तरी दूरच्या गावाहून, विमानातून, ट्रकमधून आलेले दहा काळेभोर उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते, डोळे मण्यांसारखे, अंग थरथरतंय. मला काय झालं ते सांगते, हसा हवं तर. मला वाटलं, पावणं आलंय. पाणी त्यांच्या बाटलीत होतंच. गूळ तेवढा नव्हता. मी बाहेर गेले, बॅगेतला खडा फोडला, हरभऱ्याच्या डाळीएवढा एकेक कण प्रत्येकाला ठेवला. दोन्ही हातांत धरून ते बसून खाऊ लागले. थरथर थांबली. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याशी मराठीत बोलले. ओहायोत आल्यापासून कोणाशी तरी मराठीत बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

तिथं बाहेरचा एक दाणाही आत न्यायचा नाही, हा नियम दारावरच लिहिलेला होता. मी तो वाचला होता. आमच्या दाराचा नियम जुना होता, एवढंच.

दुसरी पेटी आली तेव्हा रूबीबाई शेजारी उभ्या होत्या, त्यामुळं त्या दहांना काही मिळालं नाही. मांडणीवर पहिल्या पेटीचे पिंजरे वर, दुसरीचे खाली. मी वरच्या सगळ्यांना एका गटात घातलं, खालच्यांना दुसऱ्या. वरच्यांच्या मदतनीस पेशी काढायच्या ठरल्या. सोपं होतं म्हणून तसं केलं. इथंच खरी चूक होती, पण ती मला तेव्हा कळलीच नाही.

रूबीबाईंनी मला उंदीर धरायला शिकवलं, मानेमागची कातडी हलकेच चिमटीत घेऊन, आणि दुसऱ्या हातानं गाठी चाचपायला. त्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या, त्यांचे आजोबा दुसऱ्यांच्या कापसात राबलेले. मला त्या "बेबी" म्हणायच्या. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, बेबी, हे हात तू आधी कुठं वापरले आहेस? मी सांगितलं, मी नाही, माझ्या वडिलांनी. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कातडीखाली सरकणारी गाठ मला थेट पाकाच्या गोळीसारखी लागायची. मऊ, जरा घट्ट, घट्ट. आबांच्या शेजारी बसून लहानपणी हजार वेळा वळलेली गोळी.

सहावा आठवडा गेला. खालच्या पिंजऱ्यातल्या, नुसता विषाणू दिलेल्या उंदरांच्या गाठी वाढायला लागल्या. आठव्याला शेंगदाण्याएवढ्या झाल्या. वरचे दहा, जे मरायचे होते, ते चाकावर पळत होते. मी रोज चाचपायची. काही नाही. मऊ. दहाच्या दहा ठणठणीत.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गूळ.

दुसरं कारणच दिसेना. मदतनीस काढले तर आजार वाढायला हवा, हे ठरलेलं. या दहांना वेगळं काय मिळालं होतं? आबांच्या हातचा गूळ. एकीकडं, खोटं कशाला बोलू, छाती फुगली. दुसरीकडं प्रयोग माझ्यामुळं नासला होता. सांगितलं तर माझी रवानगी, नाही सांगितलं तर कोणाला कळणार नव्हतं. दोन दिवस मी गप्प राहिले. पण आबांचं एक वाक्य पाठ सोडत नव्हतं. एकदा पाक करपला होता, अण्णा गावात गेले होते, तर आबा चालत त्यांच्या दुकानात गेले. म्हणाले होते, "आदण बिघडलं तर मालकानं वास घ्यायच्या आधी आपण सांगायचं. मग उद्या काहिलीवर उभं राहता येतंय."

मी रूबीबाईंना आधी सांगितलं. त्या मला रागावल्या, मग तोंड फिरवून बराच वेळ हसल्या, मग म्हणाल्या, वेबरला जेवणानंतर सांग, उपाशीपोटी तो वाईट असतो.

जेवणानंतर मी सांगितलं. डॉ. वेबरनी चष्मा काढला. पहिला प्रश्न विचारला, किती? मी बोटानं दाखवलं. दुसरा, कोणाकोणाला? पहिल्या पेटीतल्या सगळ्यांना. आणि पहिली पेटी सगळी एकाच गटात गेली? हो. तेव्हा ते रागावले. गुळासाठी नाही. म्हणाले, दोन पेट्या आल्या होत्या तर आधी एकत्र करून मग वाटायच्या. आता ते उंदीर कशानं वाचले, तुझ्या इंजेक्शननं, की पेटीनं, की त्या गोडानं, हे देवालाही सांगता येणार नाही. माझ्या परतीच्या विमानाचं तिकीट डोळ्यांपुढं.

मग त्यांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एक मदतनीस पेशी, दुसरी बी-पेशी, जी प्रतिपिंडं बनवते. म्हणाले, या उंदरांत विषाणू या बी-पेशीत शिरतो. ती बिथरते, मदतनीस पेशीला डिवचते. मदतनीस तिला हुकूम देते, वाढ. ती वाढते, विषाणूला आणखी घरं मिळतात, ती पुन्हा डिवचते. दोघी एकमेकींना चढवत राहतात. गाठी सुजतात त्या यानंच. वाढून वाढून शेवटी सगळी फौज निकामी होते. माणसाच्या आजाराला आणि याला एड्स हे नाव एक असलं तरी आतली गोष्ट वेगळी. या उंदरांत मदतनीसच काढून घेतल्या तर आजार धरतच नाही. हे आम्हाला माहीत होतं, तुलाच माहीत नव्हतं. नवा माणूस अपेक्षेविरुद्धचं दिसल्यावर काय करतो, ते मला बघायचं असतं. काही जण आकडे अपेक्षेप्रमाणं वाकवतात.

मी विचारलं, म्हणजे मी राहू?

ते म्हणाले, मग हा प्रयोग नीट पुन्हा कोण करणार?

त्यांनी माझी प्रयोगवही पुढं ढकलली. झालं ते लिही, सगळं, तो गोड पदार्थही. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते मला भीतीनं आठवेना. ते म्हणाले, तुझ्या लिपीत लिही, नंतर बघू. मी लिहिलं, गूळ. त्या सगळ्या इमारतीत देवनागरीत लिहिलेला तो एकच शब्द असावा.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या रविवारच्या सकाळी, मी अण्णांच्या दुकानात फोन केला. आबा ठरलेल्या वेळी तिथं येऊन बसायचे, आणि त्यांच्याबरोबर निम्मी पेठ. मी सगळं सांगितलं. दोन पेशींचं, एकमेकींना चढवण्याचं. मग आबा म्हणाले, "अगं मग सरळ हाय की. जाळ घालणाराच बाजूला काढलास. करपंल कसं?"

इतकं बरोबर मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचा मुलगा होता तो. जाळ घालणारा वैरी नसतो, त्याच्याशिवाय गूळच होत नाही, पण थांब म्हणणारं कोणी नसलं तर तोच काहील जाळतो. पुढं अनेक वर्षं मी विद्यार्थ्यांना हे असंच शिकवलं.

पण दुकानात गुळाचंच कौतुक उरलं. मागून अण्णांचा आवाज आला, विचार तिला, गुळाच्या रव्यावर लिहू का, अमेरिकेतलं उंदीर बरं झाल्यालं. मी ओरडून सांगितलं, अण्णा, लिहू नका, सिद्ध नाही झालं अजून. अण्णा म्हणाले, मग कर की सिद्ध, कोण नको म्हणतंय.

तर केलं. दुसऱ्या वेळी पेट्या आधी एकत्र मिसळल्या. आणि डॉ. वेबर म्हणाले, प्रश्न निघालाच आहे तर सोडायचा कशाला? निम्म्यांना गूळ, निम्म्यांना नाही, दोन्ही गटांत. फक्त गूळ जंतुविरहित करून. म्हणून मी आबांची उरलेली भेली फोडली, पाण्यात विरघळवली, आणि वाफेच्या दाबाच्या त्या मोठ्या यंत्रात ठेवली. अर्ध्या तासानं दार उघडलं तर सगळा बोळ गुऱ्हाळ झाला. गरम काकवीचा वास. बाहेर बर्फ, आत पांढरे कोट घातलेली माणसं दारं उघडून बघतायत, कुठून येतंय हे? मी तिथं भिंतीला टेकून उभी राहिले आणि मोठ्यानं हसले. रूबीबाईंनी बोट बुडवून चाखलं, म्हणाल्या, आमच्याकडं उसाची काकवी करतात, माझी आजी भाकरीबरोबर द्यायची. आम्ही दोघींनी यंत्राच्या तोंडाशी उभं राहून अर्धा पेला संपवला, उंदरांचा वाटा बाजूला ठेवून. त्या दिवसापासून ते शहर मला परकं वाटलं नाही.

निकाल सांगते. मदतनीस पेशी काढलेले उंदीर गूळ मिळो न मिळो, ठणठणीत राहिले. न काढलेले गूळ खाऊनही आजारी पडले. फोनवर मी जड आवाजात सांगितलं, आबा, गुळानं काय झालं नाही.

"वाईट काय झालं न्हाय न्हवं?"

नाही.

"मग बास."

मी राहिले. पीएच.डी. झाली. दोन हजार सालानंतर माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा झाली. तिथं मी त्याच विषाणूची दुसरी बाजू धरली. उंदरांची एक वेगळी जात आहे, तिला हा आजार होतच नाही, कारण तिच्यातल्या मारेकरी पेशी विषाणू असलेल्या पेशींना वेळीच संपवतात. त्या काढल्या की तेही उंदीर आजारी पडतात. म्हणजे कुठली पेशी चांगली, कुठली वाईट, असं एका वाक्यात सांगता येत नाही. कोणाच्या घरात, कोणत्या वेळी, कोणाच्या सांगण्यावरून ती काय करते ते बघावं लागतं. मला हे काम आवडलं याचं कारण कदाचित तेच असेल. आमच्याबद्दल फार लोकांनी एका वाक्यात ठरवलेलं मी लहानपणापासून ऐकलं होतं.

नव्या उंदरांच्या पेट्या आल्या की मी आजही पहिल्यांदा त्या मिसळायला लावते. माझे खिसे रिकामे असतात. पण नवा विद्यार्थी आला, व्हिएतनामचा असो की टेक्सासचा, तर माझ्या टेबलावरच्या डब्यातला खडा आणि पेलाभर पाणी आधी, नाव मग. काही जण खातात, काही कागदात गुंडाळून ठेवतात. त्यांचा प्रश्न.

प्रयोगवहीच्या त्या पानाची प्रत मी आबांना पाठवली होती. त्यांनी ती काच लावून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टांगली आहे. इंग्रजीच्या सगळ्या ओळींत एक शब्द त्यांना वाचता येतो, आणि तोच ते पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतात. गुऱ्हाळावर आता त्यांना जमत नाही. गुडघे गेले, पण बोटं आहेत. नवे गुळवे घरी पाकाचा पेला घेऊन विचारायला येतात.

पहिल्यांदा मी सुट्टीवर आले तेव्हा उंबऱ्यातच आईनं माझ्यापुढं वाटीत गूळ आणि तांब्या धरला. मला ते लागलं. मी म्हणाले, मी काय पावणी हाय? आई म्हणाली, "लांबनं आल्याला देत्यात. पावणं असू दे, न्हाय तर घरचं." मला ते उंदीर आठवले, कोपऱ्यात थरथरणारे, आणि मी मुकाट्यानं हात पुढं केला.

आता ती रीतच झालीय. दरवर्षी मी दारात उभी राहते, आई वाटी धरते, आबा खाटेवरून हसत बघतात. मी मोठा खडा तोंडात टाकला की लगेच, मुद्दाम, नियमाप्रमाणं, विचारतात, "बरं पावणं, गाव कंचं?"

या प्रश्नाला मी विमानतळांवर, अर्जांवर, परिषदांमध्ये वेगवेगळी उत्तरं दिलीत, आणि दर वेळी क्षणभर थांबून. इथं तोंड गुळानं भरलेलं असतं, बोलता येत नाही. मी बोटानं पायाखालची जमीन दाखवते.